अभिजात साहित्याला लागलेलं भूत

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



आत येताना दारातल्या फळ्यापाशी थबकलो. आजच्या विषयात ‘झॉम्बी’ असा शब्द आहे. फळा लिहिणाऱ्याने तो हाताच्या सवयीने ‘झोंबी’ असा लिहिला. तेवढ्यात एका गृहस्थांनी मला विचारलं, “आज आनंद यादवांच्या ‘झोंबी’वर बोलणार ना?” म्हटलं, नाही हो. यादवांची झोंबी गरिबीशी होती, आजची मढ्यांशी आहे. ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत बसलेत. अजून उठलेले नाहीत, म्हणजे मढी चालतील असं धरून चालतो.

आजचा लेखक सेथ ग्रॅहम-स्मिथ. अमेरिकन, जन्म १९७६चा. त्याचं नाव झालं ते २००९ साली आलेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस अँड झॉम्बीज’ या पुस्तकाने. या पुस्तकाची जन्मकथाही गमतीची आहे. फिलाडेल्फियात क्वर्क बुक्स नावाची एक छोटी प्रकाशनसंस्था आहे. तिथले संपादक जेसन रेकुलक यांनी कागदाच्या एका बाजूला स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या कादंबऱ्यांची नावं लिहिली. दुसऱ्या बाजूला पोरासोरांना आवडणाऱ्या गोष्टी: निन्जा, चाचे, माकडं, झॉम्बी. मग जोड्या लावायला घेतल्या. एक रेघ जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवरून निघाली आणि झॉम्बींवर जाऊन टेकली. रेकुलकनी ग्रॅहम-स्मिथला फोन करून नुसतं नाव ऐकवलं. पुस्तक तिथेच ठरलं.

मुखपृष्ठावर लेखक दोघे, जेन ऑस्टिन आणि सेथ ग्रॅहम-स्मिथ. त्यातल्या बाई १८१७ सालीच वारलेल्या. सुमारे ८५ टक्के मजकूर बाईंचा, उरलेला यांचा. यावर एखादा म्हणेल, ही तर दुसऱ्याच्या चुलीवर आपली भाकरी भाजणं झालं! झालंच. पण भाकरी कशी भाजली तेही बघा.

विडंबन आपल्याला नवं नाही. ‘झेंडूची फुले’मध्ये अत्र्यांनी कवींच्या लकबी उचलल्या आणि त्यांत स्वतःचा मजकूर भरला. इथे रीत वेगळी आहे. ऑस्टिनबाईंचं वाक्य बरेचदा जसंच्या तसं राहतं आणि त्याला लागूनच थडग्यातून उठलेलं प्रेत येतं. भाषेची इस्त्री मात्र मोडत नाही. कादंबरीतल्या पाच बेनेट बहिणी चीनमध्ये जाऊन युद्धकला शिकून आल्या आहेत. नायक डार्सी त्यांतल्या एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो तेव्हा ती त्याला झापते, आणि शब्द कमी पडतात म्हणून लाथेने भिंतीकडच्या शेकोटीवर भिरकावते. घरंदाज मंडळी ‘झॉम्बी’ हा शब्द सहसा तोंडातून काढत नाहीत. त्यांचा उल्लेख ‘ज्यांचं नाव घेऊ नये असे’ या थाटात होतो. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात, ‘लांबडं’ म्हणतात. माझी आजी तर तेवढंही म्हणताना दाराकडे बघायची. भीतीलासुद्धा शिष्टाचार असतो, आणि या पुस्तकातला निम्मा विनोद त्या शिष्टाचारातच आहे.

उरलेला निम्मा कुठे आहे? तोच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. मूळ पुस्तक जिथे गप्प बसलंय, तिथे हे भूत येऊन बसतं. ती जागा नेमकी साधली तर भूत आपल्याला मूळ पुस्तक वाचायला शिकवतं. जागा चुकली तर ते नुसतं बुजगावणं.

एक उदाहरण घेतो. मूळ कादंबरीत मेरिटन गावाशेजारी पलटणीची छावणी पडते. मुली अधिकाऱ्यांवर भाळतात, नाचगाणी होतात. पण पलटण तिथे कशासाठी आली, हे बाई सांगत नाहीत. कादंबरी छापली गेली १८१३ साली. १७९३पासून इंग्लंडचं फ्रान्सशी युद्ध चाललेलं, मधला थोडा काळ सोडला तर अखंड. नेपोलियन खाडी ओलांडून येईल या धास्तीत देशाने कित्येक वर्षं काढली. तेव्हाच्या वाचकाला हे सांगायची गरज नव्हती, आपल्याला मात्र त्या पलटणीचं कोडं पडतं. ग्रॅहम-स्मिथ त्या फटीत हात घालतो आणि सांगतो, पलटण कबरी उकरून शवपेट्या जाळायला आली आहे. आपण हसतो. हसून झाल्यावर पहिल्यांदा प्रश्न पडतो, खरंच, ते शिपाई तिथे काय करत होते?

दुसरं उदाहरण शार्लट ल्यूकसचं. एलिझाबेथची ही मैत्रीण सत्तावीस वर्षांची, रूप बेताचं, पदरी पैसा नाही. तिने कॉलिन्स नावाच्या बडबड्या, लाळघोट्या धर्मोपदेशकाशी लग्न केलं, ते डोक्यावर छप्पर हवं म्हणून. नव्या पुस्तकात तिला झॉम्बी चावलेला आहे. थोडे महिने उरलेत. नंतर रीतीप्रमाणे आपला शिरच्छेद करून आपल्याला पुरणारा नवरा असावा, एवढीच तिची इच्छा. लग्नानंतर तिची बोली जड होते, कांती उतरते, ती हळूहळू मढं होत जाते. आणि नवऱ्याच्या ते लक्षातही येत नाही! हा विनोद कुठे लागतो ते तुम्हाला माहीत आहे. समोर बसलेल्या भगिनींना तर अधिकच.

आता इतिहासाकडे वळू. २००९ हे अब्राहम लिंकनच्या जन्माचं द्विशताब्दी वर्ष. अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत एकीकडे लिंकनचरित्रांची रास आणि दुसरीकडे रक्तपिपासू व्हॅम्पायरांच्या प्रेमकथांची. ग्रॅहम-स्मिथने दोन्ही राशी बघितल्या आणि २०१०मध्ये ‘अब्राहम लिंकन, व्हॅम्पायर हंटर’ लिहिलं. पुस्तकाला चरित्राचा आव आहे. लिंकनची गुप्त दैनंदिनी लेखकाच्या हाती लागते, इथून सुरुवात. पुढे २०१२मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला.

लिंकनच्या आयुष्यात मृत्यू पावलोपावली आहे. १८१८ साली तो नऊ वर्षांचा असताना आई गेली. तिच्या आजाराला ‘दुधाचा आजार’ म्हणत. गाई रानातली एक विषारी वनस्पती खायच्या, विष दुधात उतरायचं आणि दूध पिणारं माणूस दगावायचं. कारण कळलं नव्हतं तोवर त्या वस्त्यांना काय वाटलं असेल? काल धडधाकट असलेली बाई दूध पिऊन आज जाते! ग्रॅहम-स्मिथने तिथे व्हॅम्पायर घातला, तो चपखल बसतो. ज्याचं कारण दिसत नाही, त्याला माणूस भूतच म्हणत आला आहे.

पण पुढे तो एक पाऊल जास्त टाकतो, आणि तिथे माझं त्याच्याशी पटत नाही. पुस्तकात दक्षिणेतल्या गुलामगिरीमागे व्हॅम्पायर आहेत. गुलाम म्हणजे त्यांना रक्ताचा आयता पुरवठा. रूपक म्हणून धारदार आहे, दुसऱ्याच्या रक्तावर जगणं म्हणजे गुलामगिरीच. परंतु १८६०च्या शिरगणतीत अमेरिकेत ४० लाखांच्या जवळपास गुलाम होते. त्यांना विकत घेणारे, फटके मारणारे, त्यांची पोरं लिलावात काढणारे लोक रविवारी चर्चला जाणारी साधी माणसं होती. त्यांना सुळे नव्हते. पाप भुताच्या माथी मारलं की माणूस हात झटकून मोकळा होतो. झॉम्बीने शार्लटचं दुःख उघडं केलं, इथे मात्र व्हॅम्पायराने गुन्हेगारावर पांघरूण घातलं.

आणि भूत कुठवर न्यायचं, हे खुद्द ऑस्टिनबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांची ‘नॉर्दॅन्गर ॲबी’ ही कादंबरी त्या काळच्या भयकथांची टिंगल आहे. प्रकाशकाने हस्तलिखित १८०३ साली १० पौंडांना घेतलं आणि नुसतं ठेवून दिलं. शेवटी भावाने तेवढेच पैसे मोजून ते परत आणलं, छापलं गेलं ते बाईंच्या पश्चात. त्यातली कॅथरीन भयकथा वाचून वाचून भारलेली. वादळी रात्र, जुना वाडा, खोलीत काळं कपाट. ती थरथरत्या हाताने कपाट उघडते, आत कागदांची गुंडाळी मिळते, तोच मेणबत्ती विझते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी उजेडात बघते तर धोब्याच्या कपड्यांच्या याद्या! आपण हसतो. पण नंतर वाड्याचा मालक जनरल टिल्नी, मुलगी श्रीमंत नाही असं कळताच, तिला सत्तर मैलांच्या प्रवासाला एकटीला काढून देतो. कपाटात भूत नव्हतं. घराचा मालक मात्र होता.

झॉम्बींचं पुस्तक संपवून मी मूळ कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि एका जागी अडखळलो. शार्लटच्या घरात जेवणाची खोली मोठी, प्रसन्न आहे. तरी ती बसते मागच्या लहान खोलीत. एलिझाबेथला आधी नवल वाटतं, मग उमगतं. कॉलिन्सची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. बायको चांगल्या खोलीत बसली तर तो तिथेच येऊन बसेल, म्हणून तिने मागची निवडली. मी ती कादंबरी पूर्वी दोनदा वाचली होती. ही खोली मला दोन्ही वेळा दिसली नव्हती.