समुद्र पाहायला कुठे जावे?

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



गेले आठ दिवस आपल्या वर्गात एकच विषय चालू आहे. पाटी-पुस्तक बाजूला राहिले आणि सहलीचे भांडण सुरू झाले. दिवाळीनंतर समुद्र पाहायला जायचे, हे सर्वांनी ठरवले. पैसेही जमले. पण कुठे जायचे? काहीजण म्हणतात अलिबाग. काहीजण म्हणतात मालवण. काल तर दोघांनी पैसे परत मागितले. आपण माणदेशातली माणसे. पाण्यासाठी भांडणे आपल्याला नवे नाही. पण न पाहिलेल्या पाण्यासाठी भांडावे, हे नवलच!

तुम्ही म्हणालात, "गुरुजी, तुम्ही दोन्ही गावे पाहिली आहेत. तुम्हीच सांगा." सांगतो. पण आधी माझी चूक सांगतो.

मी शाळेतून निवृत्त झालो, त्या वर्षीची गोष्ट. घरी म्हणालो, "चल, तुला समुद्र दाखवतो." तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. गाव मात्र मीच ठरवले. अलिबाग. वर्षानुवर्षे मुलांना कान्होजी आंग्रे शिकवले. त्यांचा कुलाबा किल्ला मला पाहायचा होता.

मे महिना, त्यात शनिवार. मुंबई-पुण्याची माणसे लोटली होती. खोलीचे भाडे ऐकूनच घाम फुटला. किनाऱ्यावर गेलो तर भरती सुरू झालेली. किल्ल्याची वाट पाण्याखाली. होडीला ही मोठी रांग. हिचे गुडघे दुखत होते. ती वाळूवर बसून राहिली. परतताना मी विचारले, "कसा वाटला समुद्र?"

ती म्हणाली, "अहो, माणसांची डोकीच दिसली. समुद्र पलीकडं असंल."

मला आधी राग आला. मग लाज वाटली. निघण्यापूर्वी मी तिला एका शब्दानेही विचारले नव्हते.

यात अलिबागचा दोष नाही. अलिबाग चांगले गाव आहे. रायगड जिल्ह्याचे ते मुख्य ठिकाण. कान्होजी आंग्रे हे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. ते १७२९ साली वारले. त्यांची समाधी गावातच आहे. कुलाबा किल्ला समुद्रात आहे. पण ओहोटीला तिथे पायी जाता येते. आणखी एक गंमत. पृथ्वीचे चुंबकत्व मोजणारी एक वेधशाळा तिथे आहे. ती आधी मुंबईत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा बांधली.

चूक माझी होती. मी भरती-ओहोटीची वेळ विचारली नाही. तुम्ही ती चूक करू नका. समुद्राला दिवसातून साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. ही वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढते आणि फार उतरते. म्हणून तिथल्या कोळ्याला जायची वेळ विचारा आणि परतायचीही विचारा. किल्ल्यात रेंगाळलात, तर मागची वाट बुडते.

पुढच्या खेपेला मी आधी हिलाच विचारले, "तुला काय पाहायचं आहे?" ती म्हणाली, "मला गर्दी नको. मासे कसे धरतात, ते बघायचंय." म्हणून थंडीच्या दिवसांत आम्ही मालवणला गेलो.

भल्या सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. रापण म्हणजे लांबच लांब जाळे. ते होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात. मग पुष्कळ माणसे काठावरून त्याची दोन्ही टोके ओढतात. ही बघत उभी राहिली. थोड्या वेळाने पाहतो तर काय, दोराला हिचाही हात!

मग होडीने सिंधुदुर्ग पाहिला. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. त्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही. आत महाराजांचे देऊळ आहे. ते राजाराम महाराजांनी बांधले. चहूकडे खारा समुद्र, आणि किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी! दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशी त्यांची नावे. ही तिथे बराच वेळ थांबली. म्हणाली, "आपल्या गावाला असली एक का नाही?" मला उत्तर सुचले नाही.

मालवणात सगळे सुखाचेच होते, असे नाही. घाट उतरताना तिला उलट्या झाल्या. होडीत चढताना दोघांना हात धरावा लागला. जायला एक दिवस, यायला एक दिवस. पावसाळ्यात तर किल्ल्याच्या होड्या बंदच असतात.

मग कुठे जावे? हाती दोनच दिवस असतील आणि मुंबईत कोणी नातलग असेल, तर अलिबाग बरे. गेटवेवरून लाँचने तासाभरात मांडवा, पुढे बस. मात्र शनिवार-रविवार टाळा. चार दिवस असतील, निवांतपणा हवा असेल, तर मालवण.

पण आपल्या सहलीचे मी ठरवणार नाही. काल भांडत होते पाच जण. वर्गात आपण एकतीस जण आहोत. मागे गप्प बसलेल्या बायाबापड्यांना कोणी विचारले का?

सोमवारी प्रत्येकाने एक चिठ्ठी आणावी. तिच्यावर गावाचे नाव लिहावे. नवऱ्याने बायकोची लिहू नये. सासूने सुनेची लिहू नये. अंगठा चालणार नाही. अलिबाग आणि मालवण, दोन्ही नावांत एकही जोडाक्षर नाही. तेव्हा कोणाची सबब ऐकणार नाही! ज्या गावाच्या चिठ्ठ्या जास्त, तिकडे आपली गाडी.

माझी चिठ्ठी एकच असेल. आमच्या घरचीही आता तुमच्याबरोबर पाटी घेऊन बसते. तिची चिठ्ठी ती टाकील. काय लिहिणार, ते तिने मला अजून सांगितलेले नाही.