मेहरूण तलावाकाठचं जळगाव

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी व्याख्याता नाही. रिंगरोडवरच्या कापड मार्केटात एका पेढीवर तेहतीस वर्षं वह्या लिहिल्या, तेवढीच माझी विद्या. यंदा कार्यकर्त्यांनी सांगितलं, "काका, तुमची मुलगी सुरत सोडून जळगावला गेली, त्यावर बोला. लोकांना ऐकायचं आहे." लोकांना ऐकायचं आहे हे खरं. दोन वर्षांपासून गल्लीत मला हेच विचारतात, फक्त माईक नसतो. विचारण्याची पद्धत अशी की, "पोरीचं बरं चाललंय ना?" म्हणजे काही वाईट तर झालं नाही ना.

कारण आपल्या गोडादऱ्यात हिशेब ठरलेला आहे. माणूस खान्देशातून सुरतेला येतो. सुरतेहून खान्देशात जातो तो लग्नाला, उत्तरकार्याला आणि सातबाऱ्यावर सही करायला. राहायला कोणी जात नाही. जो जातो त्याचं इथं काहीतरी फसलं, असं आपण धरून चालतो. मीही असंच धरून चाललो होतो.

मी १९८६ साली आलो. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, घरात पाच भावंडं. भुसावळहून सुरतेला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसलो आणि पहाटे उधन्याला उतरलो. इथं बसलेल्या निम्म्या लोकांची गोष्ट हीच आहे, गाव तेवढं बदला. कोणी धरणगावचं, कोणी अमळनेरचं, कोणी दोंडाईचा-नंदुरबारकडचं. ही तापी खोऱ्यातली रेल्वे नसती तर हे मंडळही नसतं. नवापूर स्टेशनावर निम्मा फलाट महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत आहे. आपलीही अवस्था जवळपास तशीच.

मेहरूण तलावाशी माझी खरी ओळख झाली ती एका वाईट रात्री. १९९४ चा सप्टेंबर. गणपती विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते आणि सुरतेत प्लेगची बातमी पसरली. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना मी काय सांगू? तोंडाला रुमाल बांधून सगळं शहर स्टेशनकडे निघालं होतं. आमची मुलगी तेव्हा वर्षाची. नंदुरबारपर्यंत तिला खांद्यावर घेऊन उभा होतो. जळगावला नातेवाइकांच्या दारात पोचलो तर त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना दोष देत नाही, सुरतेहून आलेल्या माणसाला तेव्हा सगळेच भीत होते. त्यांनी ओट्यावर जेवण वाढलं, आत बोलावलं नाही. आमच्या घरून म्हणाल्या, "चला, जरा वाऱ्याला बसू." पोरीला घेऊन आम्ही मेहरूणच्या काठावर जाऊन बसलो. पावसाळा नुकताच सरला होता, तलाव भरलेला होता. पोरगी बरेच दिवसांनी शांत झोपली. त्या रात्री ते पाणी बघताना मनात एकच विचार होता, की पुन्हा या गावात असं उपऱ्यासारखं यायचं नाही.

महिन्याच्या आत परत आलो. पुढच्या दोनेक वर्षांत एस. आर. राव आयुक्त असताना ही सुरत कशी स्वच्छ झाली, तेही आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्या शहरातून लोक पळाले, तेच शहर स्वच्छतेसाठी देशात नावाजलं गेलं. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

तर त्या काठावर झोपलेल्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी आम्हाला सांगितलं, "बाबा, आम्ही जळगावला जातोय." तिला केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. जावई इथं एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते, तिथं त्यांना एमआयडीसीत डाळमिलच्या यंत्रांच्या देखभालीचं काम मिळालं. मी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी वही काढली.

तो हिशेब तुम्हाला सांगतो. जावयांचा पगार इथं ३८ हजार, तिथं २९ हजार. मुलीचा पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच, तो सोडून देऊ. म्हणजे महिन्याला ९ हजारांचा घाटा. आता दुसरी बाजू. डिंडोलीत भाडं साडेनऊ हजार, तिथं मेहरूणजवळ साडेसहा हजार, म्हणजे ३ हजार वाचले. पेट्रोल इथं साडेतीन हजार, तिथं नऊशे, म्हणजे २,६०० वाचले. एकूण वाचले ५,६००. तरी ३,४०० कमीच पडतात. मी वही मुलीपुढे ठेवली आणि म्हटलं, "बघ, तोटाच आहे."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एक खातं लिहिलंच नाही. वेळेचं." जावयांना डिंडोलीहून मिलमध्ये जायला-यायला मिळून रोजचे अडीच तास लागत. जळगावात घरून एमआयडीसी पंधरा मिनिटं, जाऊन-येऊन अर्धा तास. रोजचे दोन तास वाचले, महिन्याचे सव्वीस दिवस धरा, बावन्न तास. ३,४०० भागिले ५२. पासष्ट रुपये. म्हणजे बापाला रोज संध्याकाळी पोराबरोबर घालवायला एक तास हवा असेल तर तो पासष्ट रुपयांना मिळतो. तेहतीस वर्षं वह्या लिहून हे खातं मला कधी सुचलं नव्हतं. माझी पोरगी लहान असताना मी रात्री साडेनऊला घरी यायचो, आणि ती झोपलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं दीड महिना तिथं राहून आलो. शहर केवढं म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजारांचं, आणि आपली सुरत ४४ लाख ६७ हजारांची. एक दशांश. आता दोन्हीकडे माणसं वाढली असतील. पण जळगावात अजून सकाळी तलावावर फिरायला गेलेला माणूस आठ वाजता आंघोळ करून नऊला कामावर पोचतो. तलावाच्या कडेनं फिरायचा रस्ता आहे. तिथं डॉक्टर भेटतो, मास्तर भेटतो, सुवर्णकाराच्या दुकानातला कारागीर भेटतो, केळीचा व्यापारी भेटतो. तिसऱ्या दिवसापासून ते मला "सुरतवाले काका" म्हणू लागले. पाण्यावर बगळे, पाणकावळे. टिटवी उगीच ओरडत असते. थंडीत मेहरूणची बोरं येतात, ती तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहेत. इथं हातगाडीवर जे मोठं हिरवं बोर मिळतं त्याचा आणि मेहरूणच्या बोराचा काही संबंध नाही, एवढंच बोलतो. घरी भरीत आणि कळण्याची भाकरी. या विषयावर मात्र मी थांबतो, नाहीतर आरतीची वेळ टळेल.

तिथं काम काय आहे, हे आपल्या पोरांना माहीत नसतं. त्यांना वाटतं गावात शेती, नाहीतर किराणा दुकान. जळगाव डाळमिलचं गाव आहे. प्लॅस्टिकच्या चटया तिथून देशभर जातात. पाइप आहेत, ठिबक आहे. भवरलाल जैन यांनी १९६३ साली लहानशा व्यापारानं सुरुवात केली आणि ठिबक सिंचन, केळीची ऊतीसंवर्धित रोपं यांत जळगावचं नाव नेलं. शिरसोली रस्त्यानं गेलं की त्यांच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ आहे, २०१२ पासून. सोन्याचा बाजार जुना आहेच. गिरणेच्या काठी बांभोरीला १९९० साली विद्यापीठ झालं, त्याला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. एका निरक्षर शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाला! आसोद्याची लेक आणि जळगावची सून. आमच्या घरून हे ऐकल्यावर म्हणाल्या, "मग मलाही पदवी द्या."

आता तुम्ही म्हणाल, काका जळगावची जाहिरात करायला उभे राहिले. तसं नाही. वहीला दुसरं पानही आहे.

मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसकडे जातो. दुपारी अकरानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मुलीच्या घरी नळाला पाणी रोज येत नाही, भरून ठेवावं लागतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सुरतेत सकाळी दहाला काम सुटलं तर संध्याकाळी चारला दुसरं मिळतं. मी स्वतः दोनदा अनुभवलं आहे. कोणाला मराठी येतं की गुजराती, जात कोणती, शिक्षण किती, हे या शहरानं मला विचारलं नाही. "काम आवडे छे?" एवढंच विचारलं. जळगावात जावयांचं काम सुटलं तर दुसरं शोधायला सहा महिने जातील, आणि ते पुन्हा या गाडीत बसतील. दिसायला हे पासष्ट रुपयांचं खातं गोड आहे, पण त्यात ही जोखीम लिहिलेली नाही. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांनी माझं भाषण ऐकून राजीनामा देऊ नये.

दुसरं म्हणजे तो तलाव. उन्हाळ्यात पाणी आत सरकतं, काठाची माती भेगाळते. पूर्वी अंबरझऱ्याकडून पाणी वाहत येऊन तो भरायचा. मधली वाट बुजली की तलाव उपाशी. आणि अनंत चतुर्दशीला जळगावच्या गणपतींचं विसर्जन मेहरूण तलावात होतं. मी मुलीला विचारलं, "ज्या पाण्याकाठी रोज फिरता, त्यातच प्लास्टर ऑफ पॅरिस सोडता?" ती म्हणाली, "सगळेच सोडतात, बाबा." आपण सुरतेतही असंच म्हणत होतो. तापीत सोडायचं नाही, पालिकेनं केलेल्या कृत्रिम तलावात सोडायचं, असं ठरलं तेव्हा याच मंडपात किती भांडण झालं होतं, आठवतं का? मी स्वतः विरोधात बोललो होतो. आता त्याचं कोणाला काही वाटत नाही. तिच्या घरचा गणपती यंदा शाडूचा आहे आणि तो बादलीत विरघळणार आहे. एका घरानं काय होतं, असं जावई म्हणतात. प्लेगनंतर सुरत एका घरापासून नाही, पण दोन वर्षांत बदलली होती, असं मी त्यांना सांगितलं. म्हणून मघाशी म्हटलं, लक्षात ठेवा.

तलाव नुसता असून भागत नाही. ठाण्यात साठाहून जास्त तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरलेत. आपल्या सुरतेचंच घ्या. मलिक गोपीनं सोळाव्या शतकात बांधलेला गोपी तलाव आम्ही आलो तेव्हा तलाव म्हणून ओळखूही येत नव्हता. २०१५ साली पालिकेनं तो पुन्हा उभा केला तेव्हा आम्ही नातेवाइकांना तिकीट काढून दाखवायला नेलं. उलट भोपाळला राजा भोजाच्या नावाचा मोठा तलाव हजार वर्षं जुना, आणि अजून शहराला प्यायला पाणी देतो. मध्यम शहराला तलाव म्हणजे काय, तर शहराला एक कड असते. तिथवर चालत जाता येतं, आणि तिथं गेलं की कोणीतरी ओळखीचं भेटतं. सुरतेत मी चाळीस वर्षं राहतोय, पण तिची कड मला अजून सापडलेली नाही. सचिनकडे गेलो तरी सुरत, कामरेजकडे गेलो तरी सुरत.

नातवाचं एक सांगतो. सहा वर्षांचा आहे. इथं असताना माझ्याशी हिंदी बोलायचा, मध्येच "शुं थयु आबा?" परवा फोनवर म्हणाला, "आबा, तलावात पाणी वाढलं. तुम्ही कधी येता?" आमच्या घरून फोन माझ्या हातातून घेतला, मला पुढचं ऐकू दिलं नाही.

आता जे सगळ्यांना विचारायचं आहे ते मीच सांगून टाकतो. मुलगी म्हणते, गोडादऱ्याचं घर विका आणि इकडे या. आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. यांच्या साडीला लेस लावणाऱ्या बायकांचा दुपारचा अड्डा आहे. सातजणी, वीस वर्षं एकाच ओट्यावर. तो जळगावला उचलून नेता येत नाही. मला हे मंडळ आहे. घर विकलं आणि करमलं नाही तर याच भावात परत घर मिळणार नाही, हेही वहीत लिहिलं आहे. १९९४ मध्ये पळून गेलो होतो, २०२० मध्ये टाळेबंदीत मुलगी-जावई पळाले होते. या खेपेला कोणी पाठीमागे लागलेलं नाही, म्हणूनच ठरत नाही. दिवाळीनंतर बोरं आली की जाणार आहोत. जायचं तिकीट काढलं आहे, परतीचं काढलेलं नाही. घराला मात्र कुलूपच लावणार, पाटी लावणार नाही.

ती वही मी बरोबर आणली आहे. ज्यांच्या घरात असं काही चाललं असेल त्यांनी आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाजवळ भेटा, तुमचे आकडे टाकून बघू. चष्मा आणला आहे, फक्त पेन कोणीतरी द्या.