समुद्राच्या पोटातले धन



समुद्रात वायूचा मोठा साठा सापडला, अशी बातमी वाचली की आपण सारेच हरखतो. आम्ही भूगर्भशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु सापडणे आणि हाती लागणे यांत किती अंतर असते, ते आंध्रच्या किनाऱ्यासमोरील कृष्णा-गोदावरी खोऱ्याने आम्हांला शिकविले.

आपल्या सह्याद्रीत उगम पावणाऱ्या या दोन नद्या लक्षावधी वर्षे बंगालच्या उपसागरात गाळ टाकीत आल्या. त्याच्या थरांखाली जीवजंतूंचे अवशेष दडपले, भूगर्भाच्या उष्णतेने शिजले आणि त्यांचे तेल व वायू झाले. ते वाळूच्या थरांतील बारीक छिद्रांत साठले. वर चिकणमातीचे झाकण बसले. ध्वनिलहरी सोडून, त्यांच्या प्रतिध्वनींवरून शास्त्रज्ञ या थरांचा नकाशा काढतात. पण नकाशा म्हणजे साठा नव्हे. विहीर खणल्यावाचून खरे कळत नाही आणि एका विहिरीने सगळे कळत नाही.

1974 साली मुंबई हायला तेल लागले, तेथे पाणी सुमारे 75 मीटर. येथे 2002 साली वायू सापडला, तो कोठे सहाशे तर कोठे हजारांहून अधिक मीटर पाण्याखाली. तेथे पाणबुड्या माणूस पोचत नाही. कामे यंत्राच्या हातांनी करावी लागतात. एप्रिल 2009 मध्ये वायू वाहू लागला. रोज 8 कोटी घनमीटरची आशा होती. 2010 मध्ये 6 कोटींपर्यंत मजल गेली आणि मग उतरण लागली. विहिरींत पाणी व वाळू शिरली. 2020 च्या आरंभी ती पहिली क्षेत्रे बंद झाली.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळचे वीजकेंद्र या वायूवर विसंबले होते. वायू तुटला आणि 2013 मध्ये तेथील वीजनिर्मिती थांबली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशी गत!

खोरे निरुपयोगी आहे, असे मात्र आम्ही म्हणत नाही. डिसेंबर 2020 मध्ये तेथेच, दोन हजार मीटरांहून खोल पाण्याखालून, पुन्हा वायू निघू लागला. आमचे सांगणे एवढेच : मालकाने पुढल्या वर्षीच्या बोनसचा शब्द दिला, तर कामगार तो लेखी मागतो. मग समुद्रातल्या धनाची बातमी आली, की आपणही विचारावे : अंदाज किती, सिद्ध साठा किती, आणि काढण्याचा खर्च वजा जाता पदरात काय? ही उत्तरे मिळेपर्यंत त्या वायूच्या भरवशावर कोणाची चूल मांडू नये.