मुलीची उमेदवारी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. पण माझ्या भाचीचा अनुभव तुम्हांला सांगावा, असा कार्यकारिणीचा आग्रह पडला, म्हणून उभी आहे.

भाचीने आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. "मुलीच्या जातीने लेथवर उभे राहायचे?" असे मीही तेव्हा म्हटले होते, हे आज कबूल करते. परीक्षेत ती चांगल्या गुणांनी उतरली. पण उमेदवारीसाठी गेली त्या पहिल्या कारखान्यात तीन महिने तिला लोखंडाचा कीस झाडायला आणि वह्या लिहायला लावले. कराराचा कागद नाही, शिकवणारा नाही, मुलींसाठी स्वच्छतागृहही नाही. पोर दिवसभर पाणी पीत नसे. हे कळले तेव्हा तिची आई आणि मी चौकशीला निघालो.

भगिनींनो, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालीच झाला आहे. त्याप्रमाणे मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार व्हावा लागतो, त्याची नोंद व्हावी लागते आणि उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. त्याच्या आरोग्याची व सुरक्षिततेची काळजी घेणे मालकाचे कर्तव्य आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याने उमेदवार घेतलेच पाहिजेत. मात्र पुढे नोकरी द्यावीच, असे बंधन मालकावर नाही, हेही जाणून असावे.

दुसऱ्या कारखान्यात आम्ही तिघी मिळून गेलो. करार वाचून मगच सही केली. तेथे भाचीला एका वयस्क मिस्त्रींच्या हाताखाली दिले. आयटीआयत ती बहुधा स्वच्छ पोलादी गजावर शिकलेली. येथे पुढ्यात आले ते फाउंड्रीतले बिडाचे ओतकाम. त्याची वरची साल कठीण, तिला वाळू चिकटलेली. ही भीत भीत बारीक कट घेई आणि टूलची धार जाई. मिस्त्री म्हणाले, "पोरी, पहिला कट सालीच्या खाली गेला पाहिजे. वरवर घासशील तर टूलच मरेल." पुस्तकातही हे असेल, पण तिच्या हाताला ते तेथे कळले.

आपल्या गावाला ही रीत नवी नाही. उद्यमनगरातले कितीतरी मिस्त्री असेच कुणाच्या तरी हाताखाली तयार झाले. शांतारामबापू १९२० साली बाबूराव पेंटरांच्या कंपनीत शिरले ते पडेल ते काम करीतच. आणि १९२९ साली सहकाऱ्यांसह त्यांनी याच कोल्हापुरात 'प्रभात' उभी केली. पण लेथवरची उमेदवारी आजवर बहुतेक मुलग्यांच्याच वाट्याला आली.

तेव्हा आयांना माझे सांगणे एवढेच, की मुलीला कारखान्यात धाडताना तीन गोष्टी विचारा : करार कोठे आहे? शिकवणार कोण? विद्यावेतन किती आणि कधी? ज्यांच्या घरचे कारखाने आहेत, त्या भगिनींनी आपल्या यजमानांना चौथी गोष्ट विचारावी : आपल्याकडे मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? ते बांधायला फार खर्च येत नाही. पण ते नसले, तर शिकलेली मुलगी दारातूनच परत जाते.

भाचीचे वर्ष अजून पुरे व्हायचे आहे. हल्ली ती घरून पाण्याची बाटली भरून नेते आणि रिकामी परत आणते. तिच्या आईचे तेवढ्यानेच समाधान होते.