शाळेतील मुलाचे मन आणि आपले कर्तव्य
(तिरुप्पनंदाळ येथील कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



आज आपण ज्या गावी जमलो आहोत, त्या तिरुप्पनंदाळची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. देवाला माळ घालताना ताटकै या भक्त स्त्रीचे वस्त्र ढळू लागले, हात तर गुंतलेले. तेव्हा तिच्यासाठी शिवलिंगच कलले. पुढे ते सरळ करण्यास राजाने हत्ती जुंपले, हत्ती थकले. अखेर कुंगिलियक्कलय नायनारांनी दोर आपल्या गळ्यात बांधून ओढला, आणि लिंग सरळ झाले.

शाळेत मागे पडणाऱ्या मुलाविषयी बोलताना आम्हांस हीच कथा आठवते. मूल कलते त्यालाही काही कारण असते. ते न विचारता आपण हत्ती जुंपतो.

आमच्याच घरातील एक मुलगा पहिलीत वर्षभर गप्प बसला. घरी मराठी, अंगणात तमिळ, वर्गात इंग्रजी. शाळेने 'मंद' असा शेरा दिला आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी तो मुकाट्याने स्वीकारला. शेजारी ऐकलेल्या तमिळ गोष्टी तो आजीला रोज मराठीत सांगत असे, हे शाळेने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. तो दोष आमचाही होता.

वास्तविक ही जाणीव जुनी आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतल्या. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परक्या भाषेत विचारलेला प्रश्न पुष्कळदा बुद्धी मोजत नाही, भाषाच मोजतो.

हे ओळखणारा माणूस म्हणजे शालेय मानसशास्त्रज्ञ. अमेरिकेत त्याच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी १२०० तासांची उमेदवारी लागते. त्यांपैकी किमान ६०० तास शाळेत. आपल्याकडे १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची सोय झाली. शालेय मानसशास्त्रज्ञाचा वेगळा वर्ग मात्र त्यात नाही. म्हणून येथील वाट मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण आणि जाणत्यांच्या देखरेखीखालील अनुभव यांतून जाते. शिक्षकांसाठी एन.सी.ई.आर.टी.ने मार्गदर्शन व समुपदेशनाच्या एका वर्षाच्या पदविकेची आखणी केली: सहा महिने दूरशिक्षण, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने स्वतःच्या गावी उमेदवारी. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षणसंस्था तिच्या केंद्रांपैकी एक. आपणांस ती फार दूर नाही.

आपल्या मुली हुशार आहेत. अभियंता आणि डॉक्टर आपण पुष्कळ घडविले. आता एखादी कन्या या वाटेनेही जाऊ द्या. मराठी आणि तमिळ या दोन भाषांत वाढल्यामुळे जे तिला सहज कळेल, ते केवळ प्रमाणपत्राने येत नाही. आणि प्रमाणपत्राविना केवळ माया असून चालत नाही, कारण चुकीचा शेरा मुलाचे आयुष्य वाकवितो.

हत्ती आपल्याकडे उदंड आहेत. गळ्यात दोर घालणारे हवे आहेत. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.