अजब बंगला, कलेक्टरचा बंगला आणि रामाकोना
(भाषणाचा मजकूर)



रामाकोना-सौंसर भागातील माणसास नागपूरचा 'अजब बंगला' अपरिचित नाही. इंग्रजी अमदानीत, १८६३ साली स्थापन झालेले हे मध्यवर्ती संग्रहालय. शिलालेख, नाणी व भुसा भरलेले प्राणी यांच्या जोडीला आदिवासींच्या वस्तूही तेथे मांडल्या गेल्या. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याची मध्य प्रांतातील आदिवासींविषयीची टिपणे रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्या चालीरीती इतक्या आस्थेने टिपल्या गेल्या, त्यांच्याच वाटेवर १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची हद्द आखली. वस्तू बंगल्यात आल्या. माणसे मात्र फाटकाबाहेरच राहिली.

हे अलंकारिक बोलणे नव्हे. १९२३ साली छिंदवाड्यास कलेक्टरच्या बंगल्यासमोर मोठ्या संख्येने आदिवासी जमले, तेव्हा त्यांच्यावर लाठीमार झाला. त्यांचे पुढारी बादल भोई परासिया तहसिलीतील डुंगरिया तीतरा गावचे. त्यांना अटक झाली, पण चळवळ थांबली नाही.

पुढे १९३० साल उजाडले. १० जुलै रोजी वऱ्हाडात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. मध्य प्रांतातही जंगलचा कायदा मोडला जाऊ लागला. २१ ऑगस्ट १९३० रोजी बादल भोई पकडले गेले ते याच रामाकोन्यास. तेथून त्यांची रवानगी चांद्याच्या तुरुंगात झाली. प्रचलित माहितीनुसार त्यांचा जन्म १८४५ चा. म्हणजे वय पंच्याऐंशी! १९४० मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला. विषप्रयोग झाला असे सांगितले जाते.

छिंदवाड्यातील आदिवासी संग्रहालय २० एप्रिल १९५४ रोजी सुरू झाले व १९७५ मध्ये त्यास राज्य संग्रहालयाचा दर्जा मिळाला. गोंड, कोरकू, भारिया यांची घरे, शेतीची अवजारे, वाद्ये, दागिने तेथे आहेत. नागपुरास जे 'अजब' ठरले, ते येथे घरचेच. ८ सप्टेंबर १९९७ रोजी संग्रहालयास बादल भोईंचे नाव देण्यात आले, आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांच्याच नावाच्या आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे की, संग्रहालयाच्या पाटीवर ज्यांचे नाव आहे, त्यांना अटक झाली ती आपल्या गावी.