घुमणारा अँप्लिफायर आणि एक जुनी कबुली
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मी म्हटलं, मला भाषण जमायचं नाही. तिकडून उत्तर आलं, "तू रिपेरीवालो, कायतरी तुझ्या धंद्यातला सांग." म्हणून अँप्लिफायरवर बोलतो. शेवटी एक कबुली आहे. सर आज समोर बसलेत, म्हणून ती आजच द्यायची आहे.

गेल्या एप्रिलमध्ये आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा मुलगा दुकानात आला. गिटार छान वाजवतो. गोव्यातल्या एका वादकाकडून त्याने व्हॉल्व्हचा जुना गिटार अँप्लिफायर विकत घेतला होता. रिक्षातून उतरवायला दोघे लागले. "काका, फार घुमतोय. ट्यूबा बदलून द्या," म्हणाला. नवे व्हॉल्व्ह त्याने आधीच मागवले होते : दोन ईएल ३४ आणि तीन ईसीसी ८३. एके काळी बंगळूरच्या 'बेल'चे व्हॉल्व्ह आपल्याकडे सहज मिळायचे. आता ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात आणि खिसा रिकामा करतात. मी ती खोकी तशीच बाजूला ठेवली. आधी ऐकायचं, मग बदलायचं, हे मी धंद्यात उशिरा शिकलो.

घुमण्याच्या जाती असतात. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ती थेट कुठून तरी आवाजात शिरली तर ५० चा खोल सूर येतो. पण रेक्टिफायरमधून गेल्यावर हेलकावे दुप्पट होतात आणि ते नीट गाळले गेले नाहीत तर १०० चा सूर येतो. ओळखायला यंत्र लागत नाही. गिटारची सगळ्यात जाड तार तिसऱ्या पट्टीवर दाबून छेडली की ९८ चा सूर मिळतो. मुलाला तसं करायला सांगितलं. घुमणं त्या सुराशी जवळजवळ जुळलं. म्हणजे मुख्य दोष वीजपुरवठ्याच्या बाजूला.

मग व्हॉल्यूम शून्यावर आणला. घुमणं तसंच. दरवेळी स्विच बंद करून तिन्ही छोटे व्हॉल्व्ह एकेक काढून पाहिले, तरी तसंच. बिचारे ईसीसी ८३ निर्दोष सुटले. त्या तिघांचे पैसे फुकट गेले होते, हे ऐकून पोराचं तोंड उतरलं.

मोठ्या दोघांचं मात्र खरंच बिनसलं होतं. एकातून २२ मिलिअँपिअर जात होते, दुसऱ्यातून ४७. अशा अँप्लिफायरमध्ये दोन व्हॉल्व्ह रस्सीखेचीतल्या दोन संघांसारखे असतात. पुरवठ्यातला हेलकावा दोघांना सारखाच ओढतो, म्हणून दोर जागचा हलत नाही आणि आवाज येत नाही. एक संघ दमला की दोर सरकला. इथे नवी जोडी घालणं बरोबर होतं. पण व्हॉल्व्ह म्हणजे काही दिवा नव्हे, की फिरवला आणि झालं. बायस लावावा लागतो. ईएल ३४ च्या प्लेटला २५ वॅटची मर्यादा. मी तिच्या ७० टक्क्यांच्या आतच राहतो. प्लेटवर ४४० व्होल्ट होते, तेव्हा प्रत्येकी ३६ मिलिअँपिअरवर थांबलो. सॉकेटच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता, तो घासून काढला. आपल्या खाऱ्या वाऱ्यात हे व्हायचंच.

घुमणं निम्मं झालं. उरलेलं कंडेन्सरमध्ये होतं. एकाचं डोकं फुगलेलं. ४७ मायक्रोफॅरडचा तो कंडेन्सर मीटरवर ९ दाखवत होता. आतला ओलावा सुकला की तो हेलकावे गाळत नाही. सगळे फिल्टर कंडेन्सर बदलले. इथे पोरांना एक सांगतो : वायर उपटून ठेवली तरी त्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. मोठ्या रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची आणि काम करताना डावा हात खिशात.

एवढं करूनही बारीक करकर राहिली. तारांना हात लावला की कमी, सोडला की जास्त. मी प्लग उघडला. अर्थची हिरवी वायर कुणीतरी कापून, वर टेप गुंडाळून ठेवली होती.

तो टेप बघून मी खुर्चीवर बसलो.

आपण दहावीत होतो, त्या वर्षीचं स्नेहसंमेलन आठवा. शाळेचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, आणि माईकवाला मी. रेकॉर्ड प्लेअर एका सॉकेटवर आणि अँप्लिफायर दुसऱ्यावर, त्यामुळे अर्थचं वेटोळं होऊन दुपारपासून घुमत होतं. मला कळलं की अर्थ काढली की घुमणं थांबतं. ब्लेडने हिरवी वायर कापली आणि टेप लावला. आवाज स्वच्छ. सर, तुम्ही माझी पाठ थोपटलीत.

संध्याकाळी सरस्वतीपूजन करून तुम्ही अनवाणी मंचावर आलात. मंच नुकताच सारवलेला, ओला. तुम्ही माईक धरलात आणि तो हातातून उडाला. सगळे हसले. तुम्ही एवढंच म्हणालात, "कळ आली." ट्रान्सफॉर्मर दमट हवेने गळत होता. ती गळती हिरव्या वायरीने जमिनीत जायची. ती वाट मी कापली होती. मग ती माईकच्या धातूतून, तुमच्या हातातून, ओल्या शेणातून गेली. रात्री मी गुपचूप वायर जोडून टाकली. दुसऱ्या दिवशी बोलणी बसली ती वायरमनला. तो आता हयात नाही. त्याच्याकडे कबुली द्यायची राहिली.

मुलाला हे सगळं सांगितलं. अर्थ जोडून त्याच्या घरी गेलो, तर तिथला अर्थिंगचा खड्डा मे महिन्याच्या तोंडावर ठणठणीत कोरडा. जांभा दगड उन्हाळ्यात वीज वाहून नेत नाही. खड्डा उकरून कोळसा-मीठ नव्याने भरलं, दर आठवड्याला दोन कळश्या पाणी ओतायला सांगितलं. मिक्सर जोडल्यावर वेटोळं झालंच, तर सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायचा. प्लगला हात नाही.

तो अँप्लिफायर मागे ठेवलाय. जेवणानंतर पोरगा वाजवणार आहे. सर, आता तुम्ही बोलायला याल. या माईकच्या जाळीपासून अर्थपर्यंत मी सकाळी मीटर लावलाय, शून्य आहे. मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे आणि तुमच्या पायाखाली रबरी चटई. थोडी गुणगुण ऐकू येईल. ती मी मुद्दाम राहू दिली आहे. या, सर.